झाकलेला दोष

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असता एका रात्री आमच्या वस्तीतील एक तरुण माझ्या दारी आला. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला आली, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांतून जी मराठी कुटुंबे बदलून इकडे आली त्यांपैकी हे एक कुटुंब. आजोबा सरकारी कारकून, वडील भेलच्या कारखान्यात. ह्या मुलाला मात्र नोकरी लाभली नाही. करोंद मंडीतून भाजीपाला उचलून आसपासच्या गावांतील दुकानदारांना पोचवण्याचा धंदा तो दोन वर्षे भाड्याच्या गाडीवर करीत होता. पुढे पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवून आणि सोसायटीचे कर्ज काढून त्याने जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून आठ वर्षे वापरलेली एक पिकअप घेतली.

“काका, एक विचारायचं होतं. रागावणार नाही ना?” असे म्हणून तो बसला आणि त्याने सगळी हकीकत सांगितली. ती मी येथे थोडक्यात देतो. कारण पुढचा सारा विचार तिच्यातूनच निघाला आहे.

गाडी घेतल्यावर महिन्याभरातच ती तापू लागली. रेडिएटरमधील पाणी रोज कमी होई आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येई. त्याने गाडी विक्रेत्याकडे परत नेली. विक्रेत्याने ती चार दिवस आपल्या वर्कशॉपमध्ये ठेवली, निम्मा खर्च घेतला आणि किल्ली हाती देताना सांगितले, “हेड गॅस्केट नवा डाल दिया. इंजन बन गया. बेफिक्र ले जाओ.” तो निर्धास्त झाला. एकोणिसाव्या दिवशी टोमॅटोचे कॅरेट भरून जात असता ओबेदुल्लागंजच्या पुढे इंजिनमधून खडखड आवाज येऊ लागला, आणि गाडी बाजूला घेण्यापूर्वीच इंजिन जाम झाले. माल उन्हात राहिला. गाडी दुसऱ्या वाहनाला बांधून परत आणावी लागली.

गोविंदपुऱ्याकडील एका वृद्ध मिस्त्रीने इंजिन खोलले. आत पाहिले तर ऑईल चहासारखे दुधाळ झालेले. सिलिंडरच्या हेडवर सरळ पट्टी ठेवून त्याने पट्टीखालून फीलर गेजचे पातळ पान सरकवले. ते सहज आत गेले. म्हणजे पूर्वी कधीतरी इंजिन फार तापून हेड वाकले होते. वाकलेल्या हेडखाली गॅस्केट कितीही नवे टाका, ते नीट बसत नाही. हेड खरवडून सपाट करावे लागते, फारच वाकले असेल तर बदलावे लागते. ते केले नव्हते. रेडिएटर अर्धा चोंदलेला होता, त्यालाही कोणी हात लावला नव्हता. त्यामुळे इंजिन पुन्हा तापत राहिले आणि गॅस्केटच्या फटीतून पाणी ऑईलमध्ये उतरत राहिले. क्रँक आणि तिच्या बेअरिंगांमध्ये ऑईलचा जो पातळ थर असतो त्यावरच इंजिनाचे आयुष्य अवलंबून. पाणी मिसळलेले ऑईल तो थर धरू शकले नाही. धातूवर धातू घासला, बेअरिंगे तापून क्रँकला चिकटली आणि सगळे संपले.

तो विक्रेत्याकडे गेला. विक्रेता म्हणाला, “मी गॅस्केट बदलतो म्हणालो होतो, ते बदलले. बिलात लिहिले आहे. हेडचे काम तुम्ही सांगितले नव्हते. जुनी गाडी आहे, जुन्या गाडीचा भरवसा कोण देतो?”

वाचकहो, ह्या उत्तरातील एकही शब्द खोटा नाही, हे आधी लक्षात घ्या. गॅस्केट बदलले होते. हेडचे काम कोणी सांगितले नव्हते. सांगणार कसे, ज्याला सांगायचे त्याला हेड म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते! तरीही ह्या खऱ्या शब्दांनी एका माणसाला फसवले. हेड उचलल्यावाचून गॅस्केट बदलता येत नाही. ज्याने ते उचलले त्याला ते तपासण्याची संधी होती, आणि तपासले नसेल तर आपण तपासले नाही हे त्याला ठाऊक होते. “इंजन बन गया” ह्या शब्दांत त्याने जे पाहिले नव्हते त्याचीही ग्वाही दिली. दुरुस्ती करणारा माणूस केवळ पाने आणि पान्हे चालवीत नाही. दुसऱ्याला दिसत नाही अशा जागी जाऊन तो परत येतो आणि तिथे काय आहे ते सांगतो. तो एक साक्षीदार आहे. साक्षीदाराने निम्मे सांगावे आणि बाकीचे ऐकणाऱ्याने गृहीत धरावे, ही साक्ष खरी म्हणता येईल काय?

परंतु तो तरुण माझ्याकडे विक्रेत्याची तक्रार घेऊन आला नव्हता. त्याचा प्रश्न निराळाच होता. इंजिन पुरते बांधायचे तर लाखाच्या वर खर्च. इतके पैसे नव्हते. तेवढ्यात एका दलालाने त्याला वाट दाखवली. कुठून तरी जुनी बेअरिंगे बसवायची, रेडिएटरमध्ये गळती थांबवणारी पूड टाकायची, जाड ऑईल भरायचे म्हणजे आवाजही दबतो आणि धूरही. इंजिन धुऊन चकचकीत करायचे आणि सागरकडे कोणा गिऱ्हाइकाला सकाळी, इंजिन थंड असताना, दाखवायचे. महिनाभर गाडी चालेल. पुढे घेणाऱ्याचे नशीब.

“काका, मला कोणी सांगितलं होतं का?” तो म्हणाला. “मग मीच का सांगायचं?”

माझ्या तोंडी उत्तर तयार होते. लहानपणापासून आपण ते पाठ केलेले असते. पण ते मी उच्चारले नाही, कारण त्याच क्षणी मला माझी पेन्शन आठवली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जिचे पैसे बँकेत जमा होतात, त्या माणसाने कर्जबाजारी माणसाला प्रामाणिकपणा शिकवणे फार स्वस्त आहे. मी त्याला म्हणालो, “दोन दिवस थांब. मलाही विचार करू दे.” त्या दोन दिवसांत जे वाचले आणि जे सुचले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कायदा पाहिला. आपल्या देशाचा करारविषयक कायदा १८७२ सालचा, आणि तो आजही चालू आहे. कपट कशाला म्हणावे हे त्याच्या सतराव्या कलमात सांगितले आहे. ठाऊक असलेली गोष्ट खटपट करून लपवणे हे कपट. पण नुसते गप्प राहणे हे सामान्यतः कपट नव्हे. हे समजावे म्हणून कायद्याने उदाहरणे दिली आहेत आणि ती एका घोड्याची आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. पुढचे उदाहरण पाहा. घोडा घेणारी व्यक्ती ही त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? तेव्हा मात्र नात्यामुळेच दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसरे उदाहरण: घेणारा म्हणाला, “तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,” आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाईल.

दलालाची युक्ती ह्या मापाने मोजली तर काय दिसते? जाड ऑईल आणि ती पूड म्हणजे मौन नव्हे. ते खटपट करून लपवणेच आहे. तेव्हा तो मार्ग कायद्यानेही बंद. पण समजा, त्याने काहीच केले नाही, गाडी जशी चालेल तशी करून नुसता गप्प राहिला, तर? मालविक्रीचा कायदा १९३० चा. व्यापाऱ्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेणाऱ्याला तो काही संरक्षण देतो. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आहे. ह्या नव्या कायद्यात, सेवा देणाऱ्याने महत्त्वाची माहिती ग्राहकापासून जाणूनबुजून दडवणे ही सेवेतील उणीव मानली आहे. म्हणजे दुरुस्ती करून देणाऱ्या व्यापाऱ्याच्या बाबतीत कायदा त्या घोड्याच्या उदाहरणापासून बराच पुढे आला. परंतु एका सामान्य माणसाने दुसऱ्या सामान्य माणसाला आपली जुनी वस्तू विकली, तर आजही पुष्कळसा भार घेणाऱ्याच्या डोळ्यांवरच राहतो.

मला त्या मुलीच्या उदाहरणाने थांबवले. घोडा तोच, दोष तोच, विकणारा तोच. परक्याला सांगायचे नाही, मुलीला सांगायचे. म्हणजे दोष सांगण्यासारखा आहे हे कायद्यालाही ठाऊक आहे! प्रश्न एवढाच की, समोरचा आपला कोण लागतो. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एका शास्त्र्याने हाच प्रश्न विचारला होता: माझा शेजारी कोण? त्याला जे उत्तर मिळाले त्यात रस्त्यावर पडलेला एक अनोळखी माणूस होता. नात्याची रेघ कुठे ओढावी हे विचारणाऱ्याला ती रेघ ओढूच दिली नाही. सागरचा तो गिऱ्हाईक, जो अजून आपण पाहिलेलाही नाही, त्याच्याही घरी गहाण ठेवलेल्या बांगड्या असतील.

हा वाद फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ साली रोमचा सिसेरो ह्याने कर्तव्यावर आपल्या मुलासाठी एक ग्रंथ लिहिला. त्यात एक माणूस आपले घर विकतो. घर बाहेरून चांगले आहे. पण ते रोगट आहे आणि त्याचे वासे कच्चे आहेत हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. त्याने सांगावे काय? सिसेरो दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे करतो. एक म्हणतो, मी घर घ्या म्हणून कोणावर बळजबरी केली नाही. डोळे घेणाऱ्याला आहेत. दुसरा म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षा हे वाईट आहे, कारण येथे आपण जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीकडे नेतो. शेवटी सिसेरो दुसऱ्याच्या बाजूने उतरतो. तो मौन आणि लपवणे ह्यांत भेद करतो: आपल्याला जे ठाऊक आहे ते ज्याला ठाऊक असण्याची गरज आहे त्याला, केवळ आपल्या फायद्यासाठी, कळू न देणे, ह्याचे नाव लपवणे. मला वाटते, इतकी नेमकी व्याख्या करारकायद्यातही नाही.

त्याहून जुना नियम निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. बैलाने माणसाला हुंदडले आणि तो मेला, तर बैलाच्या धन्यावर दोष नाही. पण तो बैल मारका आहे हे धन्याला आधी सांगितलेले असूनही त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर धनी स्वतः दोषी. ह्या नियमात सगळा भर आहे तो ‘ठाऊक असण्या’वर. ज्या क्षणी त्या वृद्ध मिस्त्रीने हेडखाली पान सरकवून दाखवले, त्या क्षणी त्या तरुणाचा बैल मारका ठरला. आदल्या दिवशीपर्यंत तो फसलेला माणूस होता. आता तो जाणणारा माणूस झाला. आणि ही गाडी केवळ पैसे बुडवील असे नाही. भरल्या मालानिशी घाटात ती थांबली, तर मागून येणाऱ्याचे काय?

भोपाळमध्ये राहणाऱ्याला ह्या विचारातून आणखी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. एका गाडीची आणि त्या महाभयंकर रात्रीची तुलना मी करीत नाही. तसे करणे मृतांचा अपमान होईल. पण एक धागा समान आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन विषारी मिथिल आयसोसायनेट होते. ते थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. निसटलेला वायू जाळण्याच्या उंच नळाचा एक पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि परत जोडलेला नव्हता. वायू धुऊन निरुपद्रवी करणारी यंत्रणाही त्या वेळी नुसती राखीव ठेवलेली होती. हे सर्व कोणालातरी ठाऊक होते. भिंतीपलीकडे झोपलेल्यांना ते ठाऊक नव्हते. दुरुस्ती ‘नंतर करू’ म्हणून ठेवणाऱ्याच्या आणि तिचे फळ भोगणाऱ्याच्या मध्ये नेहमी एक भिंत असते. त्या भिंतीआडचे खरे सांगणे एवढाच ज्यांना ठाऊक आहे त्यांचा धर्म असतो.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. कोणी म्हणेल, जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळेच असे करतात. किंमत कमी असते ती ह्याच धोक्यासाठी. ह्यात तथ्य आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्यामागे हेच संशोधन होते. त्यांचे म्हणणे असे: चांगली आणि वाईट गाडी घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सरासरी किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. मग उरलेल्या गाड्या आणखी वाईट, म्हणून किंमत आणखी खाली. शेवटी बाजारात बहुतेक भंगारच उरते. म्हणजे ‘सगळेच करतात’ हा बचाव नव्हे. सगळे करतात त्याचाच हा परिणाम. प्रत्येक झाकलेला दोष पुढच्या प्रामाणिक विकणाऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून घेतो. आमचा तरुण उद्या खरोखरच चांगली गाडी विकायला निघाला, तरी त्याच्यावर कोण विश्वास ठेवील?

तरीही त्याचा मूळ प्रश्न सुटत नव्हता. मीच का? फसवणूक ही खोट्या नाण्यासारखी हातून हाती जाते. ज्याच्या हाती ते येते त्याने ते निर्माण केलेले नसते, पण पुढे चालवताना तोही त्यात सामील होतो. ते नाणे कुठेतरी थांबायचे तर कोणाच्या तरी मुठीत राहिले पाहिजे, आणि ज्याच्या मुठीत राहिले त्याचे नुकसान होते. हे टळत नाही. खरे बोलल्याने तोटा होत नाही, असे जे आपण मुलांना सांगतो ते पुष्कळदा खरे नसते. खरे बोलल्याने तोटा होतो, आणि श्रीमंतापेक्षा गरिबाला अधिक होतो.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. मी त्याला म्हणालो, “तू सांगावंस असं मला वाटतं. पण सांगून जो तोटा येईल तो तू एकट्याने सोसावास, असं मला म्हणवत नाही.” त्याची पत्नी दाराशी उभी होती. ती म्हणाली, “काका, बांगड्यांचं काय ते मी बघीन. पण लोकांच्या शिव्या घरात नकोत.” मी दोन दिवस ग्रंथ चाळून जिथे पोचलो होतो, तिथे ती माझ्या आधीच पोचली होती.

त्याने गाडी बंद स्थितीत, इंजिन खोललेल्या अवस्थेतच, विदिशाच्या एका मिस्त्रीला विकली. काय बिघडले आहे ते सर्व सांगितले. लपवायला काही ठेवलेच नव्हते. घेतलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच पैसे आले. ज्याला इंजिन स्वतः बांधता येते त्याला तो सौदा फायद्याचा होता, आणि त्यात गैर काही नाही. दोन्ही बाजूंना सगळे ठाऊक असताना ठरलेली किंमत ही रास्त किंमत. विक्रेत्याविरुद्ध त्याने बिल आणि वृद्ध मिस्त्रीचा लेखी अभिप्राय जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. धंद्यासाठी घेतलेली गाडी म्हणून तो ग्राहकच नव्हे असे विक्रेता म्हणतो. परंतु स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्याने त्यातून वगळले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या एका निकालात स्वतः चालवण्यासाठी ऑटोरिक्षा घेणाऱ्याचे उदाहरण देऊन हेच स्पष्ट केले. निकाल काय लागेल तो लागो.

आणि बाकीच्यांनी काय केले? फार काही नाही. वस्तीतील पाच-सहा घरांनी मिळून सोसायटीचे तीन हप्ते बिनव्याजी भरले. एका दुकानदाराने त्याला भाड्याच्या गाडीसाठी आगाऊ पैसे दिले. माझ्या पेन्शनमधूनही थोडे गेले, आणि तेव्हाच मला माझ्या सल्ल्याची खरी किंमत कळली.

ह्या साऱ्यातून दोन गोष्टी मी स्वतःपुरत्या शिकलो. आपल्यात जे कारागीर आहेत, मिस्त्री, वायरमन, प्लंबर, गवंडी, वैद्यही, त्यांनी काम संपल्यावर तीन गोष्टी सांगाव्यात: मी काय केले, काय दिसले पण केले नाही, आणि काय उघडून पाहिलेच नाही. तिसरी गोष्ट सांगायला सर्वांत जड जाते, आणि तिचीच सर्वांत गरज असते.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या उपदेश करणाऱ्यांसाठी आहे. शेजाऱ्याला खरे बोल म्हणून सांगायला जाल, तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. त्याच्या तोट्यात आपला वाटा किती, हे आधी ठरवा आणि मग त्याचे दार वाजवा.